एलेनचं थडगं

२००६च्या मार्चमधली गोष्ट. वरदला पुण्याहून नॉटिंगहॅमला येऊन आठवडाच झाला होता. त्याची बायको अक्षया तिथे आधीपासून नोकरीला होती. रविवारी ती त्याला एका बंद पडलेल्या चर्चची दफनभूमी साफ करायला घेऊन गेली. तिथे शंभर वर्षांत कुणालाच पुरलं नव्हतं.

अक्षया एका थडग्यावरचे वेल उपटू लागली. नाव अजून झाकलेलंच होतं.

"एलेन," मागून वरद म्हणाला.

वेल निघाले. दगडावर तेच नाव होतं आणि खाली 'लाडकी पत्नी'.

"तुला कसं कळलं, वरद?"

तो गुडघे टेकून बसला आणि अक्षयाशी कधीच बोलला नव्हता इतक्या मायेने दगडाशी बोलू लागला. मग त्याने वळून तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं.

"बाई, तुम्ही जरा बाहेर थांबाल का?"