डासांची डबी

नर्सबाईंनी डासांची डबी बाहेर काढली, तशी आजी मासे पुंगाटी नातीच्या मच्छरदाणीसमोर आडवी येऊन बसली.

"ही लसच आहे, आजी," नर्सबाई म्हणाल्या. "यांच्यातले मलेरियाचे जंतू दुबळे केलेत. हे डास चावले की बाळाला मलेरिया होणार नाही."

"माझी दोन लेकरं डासांनीच नेली," मासे म्हणाली. "आता नातीला मुद्दाम चावू देऊ?"

बाळाची आई जैनी तिच्याशेजारी बसली. मासेची जगलेली ही एकच लेक. मलेरियावर संशोधन करताना नऊ वर्षं ती भामरागडच्या जंगलातली चाळीस गावं पायी फिरली होती. गरोदर बायांच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, जन्मलेल्या बाळांची वजनं करायची, कोणाला कधी ताप आला ते लिहून ठेवायचं. त्या अभ्यासातूनच तिच्या प्रयोगशाळेने हे डास तयार केले होते.

"आई, ही पोटात होती तेव्हा मीही हे डास चावून घेतले," जैनी म्हणाली. "तू घाबरशील म्हणून बोलले नाही."

"आणि त्या चाळीस गावांत?"

"तिथे हे डास द्यायला लागून तीन पावसाळे झाले. मलेरियाने एकही बाळंतीण गेली नाही. एकही तान्हं गेलं नाही."

मासेने स्वतःच मच्छरदाणी वर केली, नातीला मांडीवर घेतलं आणि तिचा पाय पुढे केला. नर्सबाईंनी डबीची जाळी पायाला टेकवली, तसे डबीतले पाचही डास रक्त पिऊन टम्म झाले. बाळ जरासं कुरकुरलं.

नर्सबाई डबी घाईने पिशवीत टाकू लागल्या.

"जपून, बाई," मासे म्हणाली. "माझ्या लेकीने वाढवलेत ते."