उदयला आणायची गाडी

"ओढ, पण हळू," प्रतापराव म्हणाले. शामने साखळी ओढली आणि काळ्या मोटारीतलं डिझेल इंजिन कुरकुरत वर आलं, कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळू लागलं.

शेजारी पांढरी मोटार बॉनेट उघडं टाकून उभी होती. ती उदयसिंहाची, प्रतापरावांच्या एकुलत्या एका मुलाची. तिचं पेट्रोल इंजिन सिमरोलच्या घाटात कायमचं बसलं होतं. काळीचं इंजिन ठणठणीत, पण सांगाडा पार गंजलेला. एकीचं काळीज चांगलं, दुसरीचं अंग. दोन्ही मिळून एक गाडी करायची आणि खांडव्याहून उदयला घरी आणायचं, हे प्रतापरावांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, शामला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

शाम सांवेर रोडच्या कारखान्यात फिटर होता. गल्लीत नुकताच राहायला आला होता, आणि सुट्टीच्या दिवशी स्वस्थ बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"काकू, उदयभिया बसनेच येऊन जातील ना?"

"बसच्या वासानं मळमळतं रे त्याला. आणि मानी आहे. ह्यांच्याशी भांडून गेलाय. हे स्वतः गाडी घेऊन गेले तरच येणार. दसऱ्याला पानावर पाहिजे माझा पोरगा."

चहाच्या बाबतीत द्वारकाबाईंचा हात मोठा सढळ. एक कप संपायच्या आत दुसरा हजर.

प्रतापराव मात्र मुलखाचे अबोल. डिझेल इंजिनासाठी पांढरीला नवे ब्रॅकेट जोडावे लागतील म्हणून शाम लोखंडी पट्ट्या घेऊन आला होता. पाहतो तर ब्रॅकेट जोडलेलेच. भोकंही बरोबर जुळली.

"पहले कोणी ट्राय केलं होतं क्या, काका?"

"केलं होतं," प्रतापराव म्हणाले आणि त्यांनी पाना मागितला.

पुढच्या रविवारी इंजिन धडधडलं. शामने टाळीच वाजवली. द्वारकाबाई पदर सावरत बाहेर धावल्या.

"अगबाई, झाली! आता बसू नका, निघाच. मी दशम्या बांधते, त्याला आवडतात." डोळे पुसत त्या आत पळाल्या. त्यांचा आनंद पाहून शामला गलबलून आलं. गावाकडची आई आठवली.

प्रतापरावांनी इंजिन बंद केलं.

"साखळी लाव," ते म्हणाले. "काढायचंय. परत काळ्या गाडीत."

"मजाक करताय क्या, काका? काकू तिकडे डबा बांधतायत!"

"थोड्या वेळानं विसरेल ती. मग येऊन विचारेल, गाडी कधी होणार." प्रतापरावांनी पाना उचलला. "उदय त्या घाटातच ट्रकखाली गेला, बंद गाडीतून उतरला तेव्हा. हे मी तिला दोनदा सांगितलंय, शाम. दोन्ही वेळा तिनं ते पहिल्यांदाच ऐकलं."