शनिवारचा नवरा

शनिवारी दुपारी दोन वाजता विचियननं आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, केस चापून बसवले आणि खुर्चीत बसून राहिला. जायला जागाच नव्हती. करोनामुळे बँकॉकमधली मसाज पार्लरं बंद होऊन सहा आठवडे झाले होते.

खाली आपल्या वडिलांच्या जडीबुटीच्या दुकानात त्याची बायको अंपाय ज्येष्ठमध निवडत होती. थोड्या वेळानं वरून येरझाऱ्यांचा आवाज यायला लागला, तशी तिनं मान हलवली.

गल्लीतल्या बऱ्याच पुरुषांची तीच गत होती. वर्षानुवर्षांची सवय, शनिवार आला की पाय आपोआप तिकडे वळायचे. आता तोंडाला मास्क लावून, हातभर अंतर ठेवून ते नाक्यावर बसत आणि जुन्या गोष्टी काढत. काचेपलीकडे छातीवर नंबर लावून बसलेल्या मुली, साबणाच्या फेसाचा वास, निघताना मिळणारा गरम चहा. थानोम न्हाव्याची पार्लरमधली आवडती मुलगी गावाहून त्याला फोनवर आपल्या म्हशी दाखवायची, आणि थानोम त्या म्हशी नाक्यावर सगळ्यांना दाखवायचा. एकदा त्यानं बायकोला जरा पाय दाबून द्यायला सांगितलं, तर तिनं खलबत्त्यातला बत्ता उचलला म्हणे.

विचियन त्यांच्यात बसत नसे.

अकरा वर्षांपूर्वी शेजारणीनं त्याला 'बुसबा' पार्लरच्या मागच्या दारानं आत शिरताना पाहिलं होतं. अंपायनं जाब विचारला तेव्हा त्यानं मान खाली घातली. जातो, म्हणाला. कधीपासून? लग्नाच्या आधीपासून. एकाच बाईकडे? हो, एकाच बाईकडे. तिनं भांडून पाहिलं, रडून पाहिलं, महिनाभर अबोला धरला. त्यानं सगळं सोसलं, पण शनिवार चुकवला नाही. हा शिलाई मशिनी दुरुस्त करणारा, देवळातल्या भिक्खूंनी वाढवलेला पोर. लग्नात त्याच्या बाजूनं एक म्हातारा भिक्खू तेवढा आला होता. तिचे वडील तेव्हा खूश होते. अनाथ जावई बरा, मागे लचांड नाही, असं ते चारचौघांत सांगायचे. आणि हे असं लचांड निघालं.

पुढे तिला त्याची सवय झाली. शनिवारी तो बाजारात पपया दाबून दाबून बघायचा आणि सगळ्यात मऊ निवडून घेऊन जायचा. बया भलतीच लाडावलेली दिसते, असं तिच्या मनात यायचं. पण पाच वाजता परत येणारा माणूस निराळाच असायचा. एरवी सहा दिवस चार शब्द न बोलणारा विचियन शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात फतकल मारून बसायचा, तिला मिरच्या कुटून द्यायचा, जुनी गाणी गुणगुणायचा, गिऱ्हाइकांच्या नकला करून तिला हसवायचा. जेवण मात्र त्याला जायचं नाही; तिकडेच काहीतरी खाऊन आलेला असायचा. अंपायनं हे कुणाला कधी सांगितलं नाही, पण ज्या बाईचा तिला हेवा वाटे, तिच्याच कृपेनं तिला आठवड्यातून एकदा नवरा मिळत होता.

आता तोही गेला होता. सहा आठवडे घरात नुसता सोमवार चालू होता. ती जुन्या शनिवारांची आठवण काढायची आणि स्वतःचाच राग करायची.

एकदा जिन्यात उभी असताना तिच्या कानावर त्याचं फोनवरचं बोलणं पडलं.

"जेवलीस ना? दार नीट लावून घे. घाबरू नकोस, मी आहे."

असा आवाज तिनं स्वतःसाठी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

सातव्या आठवड्यात तो भरल्या ताटावर रडला. तेव्हा तिनं सरळच विचारलं. त्यानं तुटक तुटक सांगितलं. पार्लरमधल्या सगळ्या जणी आपापल्या गावी निघून गेल्या. मालकानं पुढच्या दाराला कुलूप घातलं. मागच्या खोलीत ती एकटीच उरलीय. तिला गाव नाही.

"ती अजून गिऱ्हाइकं घेते?" अंपायनं विचारलं.

"नाही. केव्हाच सोडलं."

अंपायनं अर्थ लावला. म्हणजे ती तिथं राहिली ती फक्त ह्याच्यासाठी.

तिसऱ्या दिवशी तिनं वडिलांची खोली उघडली. ते गेल्यापासून ती बंदच होती. तिनं जाळी काढली, लादी पुसली, चादर बदलली आणि वर येऊन म्हणाली, "घेऊन या तिला."

विचियन बघतच राहिला. मग म्हणाला, "तुला आधीच सांगायला हवं होतं मी. ती..."

"काही सांगू नका. तिथलं तिथं राहू दे. इथं आली की ती पाहुणी. फक्त माझ्यासमोर लाडीगोडी नको, एवढं पाळा."

त्यानं खाली वाकून तिच्या हातांवर कपाळ टेकवलं आणि तो टॅक्सी शोधायला बाहेर पडला.

अंपायनं भात लावला, नारळाच्या दुधातली कोंबडी केली. मग आरशासमोर उभी राहिली. बरा ब्लाउज घातला, ओठांना लाली लावली आणि लगेच पुसूनही टाकली. बावन्नाव्या वर्षी कुणाशी बरोबरी करायची?

चारच्या सुमाराला टॅक्सी थांबली. ती दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं: या, बसा, जेवून घ्या. जास्त नाही, कमी नाही.

विचियन आधी उतरला. वळसा घालून त्यानं पलीकडचं दार उघडलं आणि दोन्ही हात पुढे केले. आधी एक बोचकं बाहेर आलं, मग रबरी सपातेतलं काटकुळं पाऊल. मग त्याच्या दंडाला धरून, थांबत थांबत, पंचाहत्तरीची एक वाकलेली बाई उतरली. उंबऱ्याशी येऊन तिनं अंपायपुढे हात जोडले आणि विचियनकडे वळून हळूच विचारलं,

"बाळा, सुनेला सांगितलंस ना, मी तुझी कोण ते?"