फक्त पेला

आमची लेक रंजनी खाणीतली नोकरी पत्करून ऑस्ट्रेलियात गेली, तेव्हापासून हे तिच्याशी बोलत नव्हते. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला की कालचा पेपर तोंडासमोर धरून बसायचे. आज ती नवं घर दाखवत होती. खाणीच्या शहराबाहेरची इवलीशी वस्ती, तिचं घर शेवटचं, पुढं नुसती लाल माती. तेवढ्यात धाडकन आवाज झाला, टेबलावरचा तिचा कॉफीचा पेला थरथरला आणि मी किंचाळले. “अम्मा, रोजचाच सुरुंग आहे,” ती म्हणाली. ह्यांनी पेपर खाली टाकला. इथं चेन्नईजवळच्या आवडी गावात, रणगाड्यांच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये, तोफांच्या चाचण्यांनी भांडी हादरताना बघण्यात आमची तीस वर्षं गेली. माझ्या हातातून फोन हिसकावून ह्यांनी विचारलं, “खिडकीची काच वाजली का?” “नाही अप्पा, फक्त पेला.” ह्यांनी सुस्कारा सोडला. “मग लांब आहे. कॉफी पी, निवेल.”