सगळे मावले

सासूबाईंना घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो हवा होता, आणि तोही अंगणात नाही, मधल्या अरुंद खोलीतच. जावयाच्या कॅमेऱ्यात तिथे सगळे मावायचे तर त्याच्या दोन्ही मेव्हण्यांना खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागत होतं, आणि त्या दोघांत तर कित्येक वर्षं बोलणंच नव्हतं.

"भावजी, त्याला सांगा, मी सरकणार नाही," थोरला म्हणाला.

"सरक म्हणून कुणी विनवलंय, म्हणावं," धाकट्याने छताकडे बघत सांगितलं.

जावयाने सासऱ्यांच्या कपाटातून त्यांची जुनी वाइड अँगल लेन्स शोधून काढली. ती नव्या कॅमेऱ्यावर बसेना, म्हणून लेथवर पितळी रिंग करून घेतली. पहिली सैल निघाली. दुसरी कानशीने घासघासून एकदाची बसवली. पुढच्या रविवारी त्याच खोलीत सगळे फोटोत आले, दोघा भावांमधल्या हातभर जागेसकट.

त्याने ऐटीत स्क्रीन सासूबाईंपुढे धरली. त्यांनी फोटो पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

 

"जावईबापू, ऐसपैसच उभं करायचं होतं, तर अंगण काय वाईट होतं?"