चंद्रोदयाआधी

"अगं बाई, आज संकष्टी!" मांडलेल्या ताटासमोर बसल्यावर सरोजिनीबाईंना आठवलं. "चंद्रोदयापर्यंत उपास माझा."

फ्रेंच सुनेचा चेहरा उतरला. सासूबाई पहिल्यांदाच पॅरिसला आलेल्या, त्यांच्यासाठी ती सकाळपासून खपत होती. पण शाळेत लॅटिन शिकवणारी ती, इतक्यात हार मानते कसली! मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, दुपारच्या जेवणाला आम्ही ‘देजने’ म्हणतो. मूळ लॅटिन अर्थ, उपास सोडणे!"

"छानच की! पण चंद्र पाहिल्याशिवाय नाही हो सोडायचा."

सुनेनं दोन्ही ताटं झाकली आणि शेजारी येऊन बसली. "मग माझापण उपास. धरला नाही, तर सोडणार काय?"

सरोजिनीबाई लगबगीनं उठल्या. "बटाटे कुठं आहेत गं? आणि शेंगदाणे?"

"पण आई, उपास ना?"

"उपास आहे म्हणून सुनेला उपाशी ठेवू होय?"