फुकटातला प्रोग्राम

इंडोनेशियातल्या बांडुंगच्या आमच्या कंपनीत हॉटेलांच्या बिलांचा प्रोग्राम लिहिला रेंगानिसने. उद्घाटनाला मालक, पाक कुसनादी, म्हणजे कुसनादीसाहेब, माइकवर म्हणाले, "यातली ओळन् ओळ मी एकट्याने लिहिली आहे." ती उठली ती परत आलीच नाही. घरी बसून तिने त्याहून सरस प्रोग्राम नव्याने लिहिला आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवला.

"वेडी आहेस का? थोडे तरी पैसे लाव," मी म्हटलं.

"पैसे लावले तर कुसनादी हात लावणार नाही गं. फुकट दिसलं की येईलच."

आलाच. त्याने गुपचूप तिचाच प्रोग्राम उचलला, पण त्यावर स्वतःचं नाव डकवताना आत काहीतरी मोडून ठेवलं. ऐन ईदच्या गर्दीत त्याच्या गिऱ्हाइकांची बिलं अडकली. शेवटी त्याने, सारं जग वाचतं त्या तिच्या पानावर, लिहिलं, "कृपया ताबडतोब दुरुस्त करून द्या."

तिने खाली उत्तर दिलं.

"पाक कुसनादी, कोड सगळ्यांना खुला आहे. असाच एक तुम्ही एकट्याने लिहिला होता ना, ओळन् ओळ? करा दुरुस्त. आम्ही सगळे बघतोय."